सल्ला एकदाच

शहर सोडलं त्या दिवशी, टेकडीपलीकडे

आजोबा,

नमस्कार करावा की नाही यावर विचार करत बसले असते तर हे पत्र झालंच नसतं. म्हणून आधी नमस्कार करून टाकते. आता तुम्ही रागावलात तरी तो परत घेता येणार नाही.

तुम्ही धरून चालला असाल की मी शहरात, राजवाड्यातच आहे. घर सांभाळायला राजाने काही बायका मागे ठेवल्यात, त्यांत मी असेन, आणि तुमचा राजपुत्र शहरात शिरला की तुम्ही मला बोटाला धरून घरी न्याल. तसं नाही. मी आणि माझा मुलगा राजाबरोबर निघालोय. पत्र एवढंच सांगायला आहे, बाकी सगळं तोंडी लावणं.

राजाला एकेरी लिहिते. तोंडावर अहो-जाहो करते, पण मला लिहायला तुम्ही शिकवलंत, तुम्हालाच लिहिताना नाटक कशाला करू.

आज पहाटे निरोप आला की राजपुत्राने स्वतःला राजा म्हणवून घेतलंय आणि तो फौज घेऊन बापावर चालून येतोय. राजा ते ऐकून उठलासुद्धा नाही. पोरगा आहे, डोक्यात वारं शिरलंय, उतरेल, म्हणाला. मग निरोप्याने सांगितलं की सल्ला द्यायला तुम्ही त्याच्याबरोबर आहात. तेव्हा राजा उठला आणि पायताण शोधायला लागला. इतकी वर्षं तुमच्या शब्दावर त्याने राज्य केलं, तो शब्द दुसऱ्याच्या बाजूने गेला की काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? पायताण काही सापडलं नाही. तसाच अनवाणी निघाला.

आम्ही दिवसभर चालतोय. राजाने डोकं झाकून घेतलंय, त्यामुळे बाकीच्यांनीही घेतलंय. वाटेत एक माणूस उतारावरून दगड मारत, शिव्या देत बराच वेळ आमच्या बरोबरीने चालला. मुलाने विचारलं, हा वेडा आहे का? मी म्हटलं, नाही रे, तो फक्त आपल्या बाजूचा नाही. मग त्याने विचारलं, पणजोबा आपल्या बाजूचे आहेत का? मी त्याला पाणी प्यायला दिलं.

टेकडीच्या माथ्यावर लांबणकाका भेटले, कपडे फाडून, डोक्यात माती घालून. राजाच्या या मित्राचं हे नाव आपण दोघांनीच ठेवलेलं, आठवतं का? दरबारात तुम्ही शेजारी शेजारी बसायचात. तुम्ही चार शब्दांत जे सांगायचात त्यालाच ते असं काही लांबण लावायचे की ऐकणाऱ्याला भूक लागायची. त्यांनाही आमच्याबरोबर यायचं होतं. पण गुडघा दुखत होता म्हणून राजाने त्यांना शहरात परत पाठवलं. त्यांच्या गुडघ्याचं तुम्हाला ठाऊकच आहे.

तुम्ही का गेलात ते मला माहीत आहे. सगळे म्हणतात, म्हाताऱ्याला हाव सुटली. तुम्हाला हाव कसली, तुमच्याकडे धड दोन जाजमं नाहीत. तुम्ही माझ्यासाठी गेलात.

माझा पहिला नवरा शिपाई होता, तुमच्याच पसंतीचा. तो लढाईवर असताना राजाने मला गच्चीवरून पाहिलं आणि बोलावून घेतलं. पुढे ते झाकायला माझ्या नवऱ्याला लढाईत सगळ्यांच्या पुढे उभं केलं आणि मारवलं. त्यानंतर तुम्ही दरबारात रोज येत राहिलात, राजाला रोज बिनचूक सल्ला देत राहिलात, आणि माझ्या दाराशी एकदाही आला नाहीत. माझ्या मुलाला तुम्ही अजून पाहिलेलं नाही. तुमचा राग आत मुरत होता, हे मला भिंतीपलीकडून कळत होतं.

मी राजाला माफ केलंय असं नाही. पण एक ऐका. राजाने मला आणलं, ते मला न विचारता. मग तो म्हातारा संदेष्टा आला आणि राजाला तोंडावर सुनावून गेला. कुणा श्रीमंताने गरिबाचं एकुलतं कोकरू कापलं, अशी गोष्ट सांगितली. सगळे हळहळले, पण त्या गोष्टीतही कोकराला कुणी काही विचारलं नव्हतं. आणि आता तुम्ही माझा सूड घ्यायला निघालात, तेही मला न विचारता.

विचारलं असतंत तर सांगितलं असतं. मेलेला परत येणार नाही, आणि जो जिवंत आहे तो इथे माझ्या मांडीवर झोपलाय. राजपुत्र जिंकला तर याला ठेवणार नाही. नवा राजा आधी आपले भाऊ शोधतो, हे मला तुम्हीच शिकवलंत.

तुमचा नियम मी पाळते. सल्ला एकदाच द्यायचा, दुसऱ्यांदा दिला की ती विनवणी होते. म्हणून एकदाच सांगते. परत या.

पत्र मीठवालीच्या हाती देते. मीठ दोन्ही बाजूंना लागतं, त्यामुळे तिला कुणी अडवत नाही.

तुमची नात

*

दुसऱ्या दिवशी दुपारी, नदीच्या उतारापाशी

आजोबा,

मीठवाली आली. पत्र तुमच्या हातात दिलं म्हणाली. तुम्ही उभ्या उभ्या वाचलंत, घडी करून कमरेला खोचलंत आणि तिच्याकडून गरजेपेक्षा जास्त मीठ घेतलंत. उत्तर दिलं नाहीत. ती जायला निघाल्यावर मात्र तिला थांबवून विचारलंत, "पोरगा चालतो का, की उचलून घ्यावं लागतं?"

तिने मला हे सांगितलं तेव्हा मला आधी रडू आलं. मग पाणी भरायला गेले, आणि भरता भरता वाटलं, हा प्रश्न कुणाचा? पणजोबाचा, की राजपुत्राच्या सल्लागाराचा? लेकरं उचलून घेणारी माणसं किती हळू चालतात हे ज्याला पाठलाग करायचाय त्यालाही हवंच असतं. राजाला मी हा प्रश्न सांगितला नाही. तुम्हालाही उत्तर देत नाही. आपल्यात असं कधी नव्हतं.

त्याच्याबद्दल दुसरं काही सांगते, जे फौजेच्या उपयोगाचं नाही. त्याचे कान तुमच्यासारखे आहेत, वरून दुमडलेले. एकच गोष्ट तो पुन्हा पुन्हा विचारतो, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारत असल्यासारखा. तुमच्या हाताखाली वाढला असता तर ही खोड एका दिवसात गेली असती. मी मोडली नाही. त्याला कडू काही चालत नाही. त्याला कुणी फसवलं तर तो रागवत नाही, त्या माणसाकडे बघत बसतो.

आम्ही नदी ओलांडली नाही. का थांबलोय ते लिहीत नाही, हेही तुम्हीच शिकवलेलं. इथे माणसं एकमेकांशी हळू बोलतात. राजा सारखा शहराकडच्या वाटेकडे बघतो. मी पण बघते, पण तो ज्याची वाट बघतोय ते वेगळं आणि मी बघतेय ते वेगळं. मला सारखं वाटतंय की वळणावरून तुमचं गाढव येईल.

मीठवाली पुन्हा तिकडे निघालीय. हे पत्र तिला देत नाही, वाचून तुम्ही मधलं गाळलेलं ओळखाल.

नात

*

नदीपलीकडे, सकाळी

आजोबा,

सगळे पोचलो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता द्यायला हरकत नाही. निम्मी वाट चालतो, निम्मी उचलून घ्यावं लागतं. नदीत मी त्याला खांद्यावर घेतलं होतं. पाणी छातीपर्यंत होतं आणि तो वरून मला विचारत होता, मासे कुठे झोपतात.

आता पहिल्या पत्रातलं एक खोटं आधी सांगून टाकते. काकांचा गुडघा ठणठणीत होता. राजाने त्यांना मुद्दाम परत पाठवलं. राजपुत्राचा माणूस असल्याचं सोंग कर, म्हणाला, आणि माझ्या जुन्या सल्लागाराचा सल्ला मोडून काढ. मी पलीकडे उभी होते, सगळं ऐकलं. ते तुमच्या शेजारी येऊन बसणार होते आणि तुमचा घात करणार होते, हे मला ठाऊक होतं, तरी मी गुडघ्याचं लिहिलं. पोटच्या पोराला वाचवायला आजोबांना फसवलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा फसवीन, आणि पुन्हा असंच वाईट वाटेल.

काल शहरातून दोन निरोपे आले. राजपुत्राच्या माणसांनी त्यांना हेरलं होतं. वाटेत एका बाईने त्यांना आपल्या विहिरीत उतरवलं, विहिरीच्या तोंडावर कापड अंथरलं आणि वर धान्य वाळत घातलं. एकाच्या केसांत अजून दाणे होते. दरबारात जे बोललं गेलं ते शब्दाला शब्द सांगायचं, हे त्यांचं काम. मी राजाच्या मागे बसून ऐकलं. त्यांच्या तोंडून तुमचा आवाज आला, आजोबा.

"आजच निघतो. थोडी माणसं द्या. ते दमलेत. फक्त राजाला मारतो. बाकीच्यांना हात लावायचा नाही, त्यांच्यात चालून दमलेली लेकरं आहेत. त्यांना परत आणतो."

एवढंच. तुमचं नेहमीचं. राजाचा चेहरा मला दिसला नाही, पण मान दिसली, ती ताठ झाली. नंतर तो म्हणाला, "बरोबर सांगितलं त्याने. हे ऐकलं असतं तर मी आत्ता नसतो." त्याला तुमचं कौतुकच वाटलं असावं. कारागिराला दुसऱ्या कारागिराचं वाटतं तसं.

मग निरोप्याने काकांचं सांगितलं, आणि मला तुमच्या घरातलं ते जेवण आठवलं. मी लहान होते. काकांनी तुमचा सगळा मध खाल्ला होता आणि वर म्हणत होते की मुंग्या आल्या, फौजेसारख्या आल्या, काळ्या ढगासारख्या आल्या, पूर चढावा तशा मडक्यात चढल्या. तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "याची एक उपमा आली तर ऐकून घ्यायचं. तीन आल्या की मडकं बघायचं." तेव्हापासून काका बोलायला लागले की आपण दोघं एकमेकांकडे बघायचो आणि हसू दाबायचो.

राजपुत्रासमोर काका म्हणाले, तुझा बाप आत्ता जखमी रानडुकरासारखा असेल, त्याला डिवचू नकोस. घाई कशाला? सगळा देश गोळा कर, टोळधाडीसारखा. मग वणव्यासारखं त्यांच्यावर जा, आणि त्यांच्यातला एकही सोडू नकोस, बाई नाही, पोर नाही. तुझ्यासारख्या सूर्यापुढे ते दिवे काय टिकणार. राजपुत्राला हे भारी आवडलं. सूर्य म्हटलेलं कुणाला आवडत नाही. देश गोळा करायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात आम्ही नदी ओलांडली.

मी उपमा मोजत गेले. मला इतक्या लांबून कळलं की काका खोटं बोलतायत. तुम्ही तर शेजारी बसला होतात. मडकं बघा, एवढं म्हणायचा अवकाश होता. काकांची मान तिथेच उडाली असती, आणि तुमचा सल्ला चालला असता. तुम्ही काहीच बोलला नाहीत.

मग दुसरं डोक्यात आलं आणि रात्रभर गेलं नाही. ज्यांनी आम्हाला वाचवलं, त्या काकांच्या बोलण्यात मी आणि माझा मुलगा मेलो होतो. जे आमच्यावर उलटले, त्या तुमच्या बोलण्यात आम्ही जिवंत होतो. तो चालण्याचा प्रश्न पणजोबाचाच होता. मी तुमच्यावर संशय घेतला, माफ करा.

आणि आता मीच विचारते. तुम्ही गप्प राहिलात ते नियम म्हणून, की माझं पत्र कमरेला होतं म्हणून?

दुपारी पुढे:

मीठवाली आत्ता आली. तुम्ही तिला वेशीवर भेटलात, गाढवावर बसून. तुमच्याबरोबर शिपाई नव्हते. तिने विचारलं, कुठे निघालात? तुम्ही म्हणालात, "घरी. घर आवरायला चाललोय. तिला सांग."

आजोबा, मी इतकी हसले की राजाच्या पहारेकऱ्याने वळून बघितलं. तुम्ही, आणि घर आवरणार. ज्या घरात वाटी शोधायला पाहुणे कामाला लागतात. पण मला कळलं. तुम्ही राजपुत्राला सोडलंत. त्याचे नाही, आमचे नाही, आपल्या घरी गेलात. मला तेवढं पुरतं. आता माझं काम सोपं आहे, राजाची समजूत काढायची. ते मला जमतं.

आवरायला काढलंच आहे तर माझ्या तिपाईकडे बघा. लहानपणी तिच्यावर बसून मी अक्षरं गिरवली आणि तिचा एक पाय तेव्हापासून डुगडुगतोय. मी तुम्हाला सांगितलं होतं, नीट करा. तुम्ही म्हणालात, "ऐकलं." त्याला किती वर्षं झाली?

मीठवालीला हे आणि कालचं, दोन्ही देते.

नात

*

लढाईनंतर, तटबंदीच्या गावात

आजोबा,

लढाई झाली, आपण जिंकलो. 'आपण' म्हणताना जीभ अडते, पण दुसरा शब्द नाही. राजपुत्र मेला. राजाने सगळ्या सेनापतींना बजावून सांगितलं होतं, पोराला सांभाळून घ्या, तरी त्याला मारलं. जिंकलेले शिपाई चोरासारखे भिंतीच्या कडेकडेने गावात शिरले, कारण वेशीवरच्या खोलीत राजा मोठमोठ्याने रडत होता.

मी वर गेले. बाकी कुणी जाईना. खोलीत एक बाक आणि खिडकी, एवढंच. पाणी ठेवलं. तो रडायचा थांबला की बोलायचं असं ठरवलं होतं, पण तो थांबेना, म्हणून तसंच बोलले. म्हटलं, माझ्या आजोबांना अभय हवंय.

मला वाटलं होतं, तो चिडेल. माझी तयारी होती. त्या म्हाताऱ्याने मला दगा दिला, असं म्हणाला असता, तर मी माझ्या पहिल्या नवऱ्याचं नाव घेणार होते. आजवर त्याच्यासमोर ते कधी घेतलं नाही. पण तो शांतपणे म्हणाला, "त्याचं ऐकलं असतं तर मी एकटा मेलो असतो. माझा मुलगा जगला असता."

मी काही बोलले नाही.

"त्या दिवशी त्या दरबारात माझ्या मुलाच्या खऱ्या भल्याचं बोलणारा तो एकटाच होता. माझा मित्र त्याला मरणाकडे घेऊन गेला, आणि मीच पाठवलं होतं त्याला." मग तो दोन घोट पाणी प्यायला. "म्हाताऱ्याला सांग, मी त्याला हात लावणार नाही. मी त्याचं देणं लागतो. तुझंही लागतो."

आजोबा, इतक्या वर्षांत ही गोष्ट तो पहिल्यांदा बोलला. मी तिथेच खाली बसले. आम्ही दोघं बराच वेळ बसलो होतो, तो आपल्या मुलासाठी रडत होता आणि मी माझ्या शिपायासाठी. नंतर मी त्याचा चेहरा पुसला आणि त्याला खाली शिपायांसमोर पाठवलं.

तेव्हा तुम्ही मोकळे आहात. राजाने शब्द दिलाय, आणि हा शब्द तो पाळेल. मीठवाली अजून परतली नाही, त्यामुळे मागची पत्रं मिळाली की नाही ठाऊक नाही. हे पत्र एका जखमी निरोप्याच्या हाती देते, तो तुमच्याच गावावरून जाणार आहे. पुन्हा पुन्हा काही सांगत नाही, तुम्हाला आवडत नाही. आम्ही शहरात पोचलो की मी मुलाला घेऊन थेट तुमच्याकडे येते. त्याला सांगून ठेवलंय की पणजोबा थोडं बोलतात, पण नीट लक्ष देऊन ऐकतात.

नात

*

तुमच्या घरी

आजोबा,

तुमच्या बैठकीवर बसून लिहितेय. शाई तुमचीच आहे, दौत धुऊन भरून ठेवलेली होती.

वाटेत लांबणकाका बरोबर होते. राजाने त्यांना मानाची जागा दिली, पण ते आता कमी बोलतात. गावाच्या अलीकडे त्यांनी मला थांबवलं आणि जे सांगितलं त्यात एकही उपमा नव्हती. "माझं बोलून झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं. राजपुत्राने त्याला विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचंय? मी मनात म्हटलं, संपलं. तो म्हणाला, माझं बोलून झालं." काका पुढे यायला तयार नव्हते. ते तिकडेच झाडाखाली बसलेत.

शेजारच्या कुंभाराने मला सगळं सांगितलं. तुम्ही आलात, गाढवाला पाणी पाजलंत आणि लगेच कामाला लागलात. त्याची शिडी पूर्वी कधीतरी आणली होती, ती परत केलीत. परत करण्याआधी तिच्यावर चढून छप्पर शाकारलंत. शेत कुणी कसायचं ते गावातल्या दोन जाणत्यांना बोलावून सांगितलंत. गाढव मीठवालीला द्यायला सांगितलंत, ती पाठीवर ओझं वाहते म्हणून. ते तिच्याकडे आहे, तिचं अजून ऐकत नाही. जाजमं झटकून घड्या घातल्यात. वाट्या एकात एक ठेवल्यात. कुंभार म्हणाला, मला वाटलं कुणी पाहुणे येणार आहेत.

मग दार आतून लावून घेतलंत आणि आपल्या हाताने जीव दिलात. दुसऱ्या दिवशी कुंभाराने दार मोडलं. बाकी त्याने सांगितलं तसं मी लिहीत नाही. तुम्हाला तुमच्या वडिलांशेजारी ठेवलंय, मी आत्ता तिकडूनच आले. माझी शेवटची पत्रं कुंभाराकडे होती, न उघडलेली. मीठवाली पोचली तेव्हा तुम्ही नव्हता, आणि परत येऊन मला सांगायला तिचे पाय उचलेनात. तिला मी काही बोलले नाही.

तुम्ही का केलंत ते मला कळतं. राजपुत्राने तुमचं ऐकलं नाही त्याच क्षणी तुम्हाला सगळं दिसलं असणार, की तो हरणार, राजा परत येणार आणि तुम्हाला वेशीवर टांगणार. तुम्हाला नेहमी पुढचं दिसायचं. पण या वेळी चुकलात, आजोबा. राजा तुम्हाला माफ करेल हे तुम्हाला दिसलं नाही. मी त्याच्याशी बोलेन हेही दिसलं नाही. यावेळीही तुम्ही मला विचारलं नाहीत. मी खूप रागावलेय तुमच्यावर. हे आवरलेलं घर बघवत नाही. वाटी पहिल्या फटक्यात सापडली आणि मी तिथेच रडायला लागले.

मग तिपाई दिसली. तुमच्या बैठकीशेजारी, तिच्या नेहमीच्या जागी. मी सवयीने एका बाजूला तोल सांभाळून बसले, आणि ती हलली नाही. चौकोनी नवा पाय, तासून, तेल लावून घट्ट बसवलेला. मी तिसऱ्या पत्रात लिहिलं ते तुम्ही वाचलं नव्हतं. लहानपणी एकदा सांगितलं होतं, तेच तुमच्या लक्षात होतं. म्हणजे तुम्ही खरंच ऐकलं होतंत. एकदा सांगितलेलं तुम्ही कधी विसरला नाहीत, फक्त फार उशीर केलात.

टेकडीवरून मी तुम्हाला काय सांगितलं होतं, तेही तुम्ही ऐकलंच असणार. तुम्ही ऐकलंत म्हणून तर गप्प राहिलात. पण मी ते एकदाच सांगितलं. चौथ्या पत्रात लिहायला घेतलं होतं आणि नियम आठवून हात आखडला. तसंही ते पत्र वेळेवर पोचणार नव्हतं, हे मला कळतं. पण दुसऱ्या पत्रात लिहायला हवं होतं, आणि ते मीठवालीच्या हाती द्यायला हवं होतं. तेव्हा तुम्ही दरबारात होतात. तेव्हा गाढवाचं तोंड कुठे वळवायचं हे ठरायचं होतं.

मुलगा आत्ता तिपाईवर बसलाय. त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत. तो विचारतोय, पणजोबा कधी येणार? मी सांगितलं. तो पुन्हा विचारतोय. मी पुन्हा सांगितलं. उद्या कदाचित त्याला राज्य करावं लागेल, आणि तुमचं सगळं मी त्याला शिकवणार आहे. थोडक्यात बोलायचं, फक्त ज्याला मारायचं त्याला मारायचं, उपमा वाढल्या की मडकं बघायचं. तुमचा तो एक नियम मात्र शिकवणार नाही. माणूस आपलं असेल तर त्याला दुसऱ्यांदा सांगायचं, तिसऱ्यांदा सांगायचं, दारात आडवं पडून सांगायचं.

दुसऱ्यांदा सांगते, आजोबा. विनवणीच आहे.

परत या.

तुमची नात